नाथ कुणाचं नाव घेत नाही

रेश्माच्या अंगात पहिल्यांदा वारं आलं तेव्हा ती दहावीला होती. चैत्रातल्या यात्रेत डफाचा ठेका वाढला आणि बायकांच्या घोळक्यात उभी असलेली ही पोरगी एकाएकी घुमायला लागली. शेजारणींनी तिला सावरलं, केस मोकळे केले, कपाळाला अंगारा लावला. तिचे वडील भिमाजी धुनीपाशी उभे राहून बघत होते आणि त्यांच्या डोळ्यांना धार लागली होती. दुसऱ्या दिवशी त्यांनी गावभर जिलबी वाटली.

भिमाजी आमच्या निंबदऱ्याचे भगत. गर्भगिरीच्या पायथ्याशी, पाथर्डीच्या अलीकडे आमचं गाव. बाजरी, तूर, कपाशी. पाऊस लागला तर लागला. गावावरच्या टेकाडावर नाथाचं ठाणं आहे. पत्र्याचा मंडप, आत पादुका, समोर कधी विझू न दिलेली धुनी. दर अमावस्येला दुपारची आरती झाली की भिमाजी गादीवर बसायचे, डफ सुरू व्हायचा, त्यांच्या अंगात यायचं आणि लोक गाऱ्हाणी मांडायचे. थोरला मुलगा आदिनाथ सुप्याला कंपनीत लागला होता. त्याच्या अंगात कधी काही आलं नव्हतं. गादी आपल्याबरोबर संपणार म्हणून भिमाजी मनातून खचलेले होते, आणि नेमकं तेव्हा हे झालं.

"नाथानं पोरीला निवडलं," ते भेटेल त्याला सांगत. "बाई-बाप्या बघत न्हाई तो."

वीस वर्षांपूर्वी आमच्या भागात असं बोलायला छाती लागत होती. भिमाजींना ती होती, आणि ते लबाडही नव्हते, हे आधीच सांगितलेलं बरं. नारळाशिवाय त्यांनी कुणाकडून काही घेतलं नाही. आजारी माणसाला पाठीवर घेऊन टेकडी चढताना मी स्वतः त्यांना पाहिलंय. रेश्माची आई ती तान्ही असतानाच गेली. पोरीला न्हाऊ-माखू घालण्यापासून धुनीला लाकूड कसं लावायचं इथपर्यंत सगळं भिमाजींनी, तिच्या आबांनी, शिकवलं. "नाथ म्हंजे कोन? ज्याला कोनी न्हाई, त्याचा नाथ," हे वाक्य ती बोलायला शिकली तेव्हापासून ऐकत आली. तिचा देव तिला बापाच्या हातून मिळाला होता, आणि तो प्रेमळ होता.

फक्त एक गोष्ट होती. ती छबूबाईची.

छबूबाई भिमाजींच्या बांधाला बांध लागून असलेली विधवा. नवरा ट्रॅक्टर उलटून गेला. एक मुलगा, दीड एकर कपाशी आणि दारात शेवग्याचं झाड, एवढा तिचा संसार. आई नसलेल्या रेश्माची वेणी तीच घालायची. आबा शेतात असले की पोरगी तिच्याच चुलीपुढं जेवायची. रेश्मा बाराएक वर्षांची असेल, त्या साली पुंजाराम नानांचा पहिला नातू महिन्याच्या आत गेला. पुंजाराम नाना म्हणजे गावातलं मोठं प्रस्थ. ठाण्याचा कारभारही त्यांच्याकडंच. अमावस्येला त्यांनी गादीपुढं डोकं टेकलं आणि विचारलं, "नाथबाबा, कुनी केलं हे?"

भगत सरळ नाव घेत नाही, खूण देतो. भिमाजी घुमत घुमत म्हणाले, "उगवतीचं घर. कपाळ मोकळं. दारात शेवगा."

मंडपातल्या सगळ्या माना एकदम एका बाजूला वळल्या. छबूबाई तिथंच बसली होती. ती उठली, पदर सावरला आणि टेकडी उतरून गेली. त्यानंतर ती पुन्हा वर आली नाही, आणि गावही तिच्या दारात गेलं नाही. तिच्या घरचं पाणी कुणी पीत नव्हतं. ती रस्त्यात आडवी गेली तर बाया थांबत. पेरणीला तिला बैल मिळेना, खुरपायला बाई मिळेना. मुलगा मोठा झाला तसा पुण्याकडं निघून गेला आणि गावाचं नाव काढेना. रेश्माला आबांनी बजावलं, "तिकडं जायचं न्हाई."

"आबा, पन तिनं काय केलं?"

"मला काय ठाऊक? वारं बोललं. वाऱ्यानं बोललेलं मला याद ऱ्हात न्हाई."

पोरीनं ऐकलं. आबांच्या तोंडून देव बोलतो यावर तिचा विश्वास होता. तो विश्वास नसता तरी तिनं दुसऱ्या कुणाला विचारलं असतं?

पुढं तिचं लग्न गावातच, वरच्या वस्तीवरच्या वैजनाथशी झालं. वैजनाथ दूध गोळा करून पिकअपनं शीतकेंद्रावर पोचवतो. सासर-माहेर एका हाकेवर असल्यामुळं ती अमावस्येला ठाण्यावर असायचीच. तिच्याही अंगात यायचं, पण गादी आबांची. ती बाजूला घुमायची, बायकांच्या कपाळाला अंगारा लावायची, कुणाला गुरुवार धरायला सांगायची. खूण द्यायची वेळ तिच्यावर कधी आली नव्हती.

गेल्या वर्षीच्या उन्हाळ्यात भिमाजींना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणं अडखळायला लागलं. नगरच्या दवाखान्यातून रेश्माच्या घरी आणलं त्या आठवड्यातच पुंजाराम नाना रेश्माच्या दारात.

"रेश्मा, अमुशाला गादी रिकामी ठिवायची न्हाई. आबांची बी तीच इच्छा हाय."

आबांनी खाटेवरून डावा हात उचलून हो म्हटलं. तिला नाही म्हणायचं कारणच नव्हतं. खरं तर ती या दिवसाची वाट बघत होती.

मी गावातल्या शाळेत शिकवते, आणि त्या अमावस्येला मंडपात होते. बाईमाणूस गादीवर बसणार म्हणून नेहमीपेक्षा गर्दी होती. आबांना खुर्चीत बसवून वर आणलं होतं. रेश्मानं धुनीला नमस्कार केला, गादीच्या पाया पडली आणि बसली. डफ सुरू झाला. थोड्याच वेळात तिची मान डुलायला लागली, केस सुटले, श्वास मोठा झाला.

पहिलं गाऱ्हाणं पुंजाराम नानांचं. त्यांची नात संस्कृती, आठवीतली, माझ्याच वर्गात. वर्षभरापासून तिला झटके यायचे. शाळेत दोनदा मीच तिला आडवं केलं होतं. नानांनी पोरीला पुढं बसवलं आणि हात जोडले.

"नाथबाबा, घराला पीडा लागली. मागं नातू गेला, आता नातीचं आसं. कुनाचं केलेलं हाय? खूण द्या."

डफ जोरात वाजत होता. रेश्मा घुमत होती. तिचे ओठ हलले. सगळे पुढं झुकले. आणि ती एकदम थांबली. हळूहळू नाही, चालत्या बैलाला कासरा ओढून थांबवावं तशी. दोन्ही हात जमिनीवर टेकून ती तशीच वाकून बसली. मग मान वर करून डफवाल्याला म्हणाली, "बंद करा."

तिच्या आत काय झालं ते तिनं मला पुढं कधीतरी सांगितलं. "बाई, वारं अंगात असलं तरी मानूस समदं इसरत न्हाई. लांबनं कुनी बोलावं तसं ऐकू येतं. जिभेवर शब्द येतो, तो आपला नसतो आसं वाटतं. त्या दिवशी माझ्या जिभेवर आलं, गालावर चामखीळ. आन डोळं उघडं हुतं माझं. समोर आमच्या वस्तीवरच्या सुनीलची आई बसलेली. गालावर चामखीळ. त्याच सकाळी नळावर तिनं माझा हंडा बाजूला सरकवला म्हनून आमचं कडाक्याचं भांडण झालं हुतं. मला वाटलं, आरं, हे तर माझंच हाय. नाथाचं न्हाई. नळावरनं माझ्यासंगंच वर आलंय."

आणि त्याच क्षणी तिला दुसरं आठवलं. छबूबाईची खूण निघाली त्याच्या आदल्या आठवड्यात आबांचं आणि तिचं बांधावरून वाजलं होतं. बांधावरचं बोरीचं झाड कुणाचं, यावरून. आबा घरात येता-जाता पुटपुटत होते. लहानग्या रेश्मानं ते रोज ऐकलं होतं.

तिनं केस गोळा केले आणि घट्ट गाठ मारली. अंगात आलेल्या बाईनं गादीवर बसून केस बांधणं हे आमच्याकडं कुणी पाहिलं नव्हतं. मंडपात कुजबुज सुरू झाली.

"आत्ता माझ्या तोंडात खूण आली हुती," ती म्हणाली. आवाज रोजचा होता. "कुनाची ते मी सांगनार न्हाई. पन ती नाथानं दिली न्हाई. सकाळी जिच्यासंगं माझं भांडण झालं, तिचीच खूण हुती ती. नाथ कुनाचं नाव घेत न्हाई, नाना. नाव मी घेत हुते."

पुंजाराम नानांना समजायला वेळ लागला. मग ते म्हणाले, "म्हंजे? मंग आबांनी दिलेली खूण?"

रेश्मानं बापाकडं पाहिलं. मला वाटलं, इथं ती थांबेल. आजारी बाप, सगळं गाव जमलेलं. कुणीही थांबलं असतं.

"ती बांधावरनं आली हुती," ती म्हणाली. "बोरीच्या झाडावरनं. छबूकाकूनं कुनाचं काय बी केलं न्हवतं."

मंडपात एकच गलका झाला. कुणी म्हणालं, हिच्यात देव नाहीच. कुणी म्हणालं, बाहेरचं वारं शिरलंय. आबा खुर्चीतून उठायला धडपडत होते, वैजनाथनं त्यांना धरलं. त्यांच्या तोंडातून एकच शब्द पुन्हा पुन्हा येत होता. "उतर. उतर."

"उतरते आबा. पन बोलून उतरते." तिचे डोळे भरले होते, आवाज मात्र हलला नाही. "ज्याला कोनी न्हाई त्याचा नाथ, आसं तुमीच शिकवलं मला. मंग वीस-बावीस वर्सं छबूकाकूला कोन हुतं?"

आबांनी मान फिरवली. रेश्मा गादीवरून उतरली आणि संस्कृतीच्या आईसमोर जाऊन बसली.

"वहिनी, पोरीला गोळ्या चालू हुत्या ना? कुनी बंद केल्या?"

त्या बाईनं सासऱ्याकडं पाहिलं. मग खाली बघत म्हणाली, "नाना म्हनले, बाहेरचं आसंल तर गोळ्या कशाला."

"बाहेरचं न्हाई. आजार हाय. उद्या नगरला न्या. गाडी आमची ऱ्हाईल."

नाना काहीतरी बोलणार होते. पण ती बाई, जिचा आवाज आम्ही गावात कधी ऐकला नव्हता, उठून पोरीला जवळ घेत म्हणाली, "नेते." दुसऱ्या दिवशी सकाळी दूध टाकून परतताना वैजनाथनं त्या दोघींना नगरला नेलं.

त्यानंतर गावात जे सुरू झालं ते सुखाचं नव्हतं. निम्म्या घरांनी वैजनाथला दूध घालणं बंद केलं. वस्तीवरच्या विहिरीवर कुणीतरी रेश्माचा दोर कापला. "बापाची अब्रू घालवनारी," असं बाया तिला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणत. वैजनाथ रागावला होता, पण तिच्यावर नाही. "नाथानं गादी दिली, पन तोंडाला कुलूप न्हाई दिलं," असं म्हणत तो दुधाचे कॅन धूत होता. "आता काय करायचंय? मागं घ्यायचंय?"

"न्हाई."

"मंग रडू नको. आन विहिरीला नवा दोर आन."

चार दिवसांनी ती छबूबाईकडं गेली. मधल्या वर्षांत एकदाही त्या दारात न गेलेली. छबूबाई अंगणात भुईमुगाच्या शेंगा निवडत बसली होती. तिनं वर पाहिलं आणि परत शेंगांना हात घातला.

"ऐकलं म्या," ती म्हणाली. "सुनीलची आई आल्ती सांगाय. तिला बी कळलंय, कुनाची खूण हुती ती. माझ्या दारात बसून रडली. माफी मागाय आलीस?"

"व्हय काकू."

"कुनाची? तुझी का बापाची?"

"माझी. मी बी इतकी वर्सं आले न्हाई."

"तू पोर हुतीस. बापाची बापाला मागू दे."

"ते मागनार न्हाईत."

"मंग ऱ्हाऊ दे." छबूबाईनं सूप उचलून पाखडलं. "मी काय वाट बघत बसले न्हवते, आन आता बी बसनार न्हाई. माझं पोरगं गेलं गाव सोडून, ते काय माफीनं यायचंय? तू समद्या लोकांत बोललीस, ते चांगलं केलंस. तेवढं पुरं."

"एकदा ठाण्यावर या काकू."

"ते म्हनू नको. ज्या देवाला माझ्या दारचा शेवगा दिसला, त्याला माझ्या पोटातली आग दिसली न्हाई. मला न्हाई जमायचं त्याच्या पाया पडायला. तुझं तू बघ."

रेश्मा मला म्हणाली, हे ऐकून तिला वाईट वाटलं आणि बरंही वाटलं. खोटं खोटं गळ्यात पडून रडण्यापेक्षा हे चांगलं. जाताना छबूबाईनं तिच्या पदरात शेंगा घातल्या, न विचारता.

पुढच्या अमावस्येला पुंजाराम नानांनी बीडकडून एक भगत आणला. बिभीषण त्याचं नाव. दंडाला काळे दोरे, हातात चिमटा, आवाज खणखणीत. आबांना परत खुर्चीत बसवून वर नेलं. गाव लोटलं होतं, कारण रेश्मा काय करते ते सगळ्यांना बघायचं होतं. ती आरतीला आली. शेवटपर्यंत टाळ्या वाजवल्या, धुनीला लाकूड लावलं, अंगारा घेतला. मग गादीसमोर उभी राहिली.

"दादा, बसा गादीवर," ती बिभीषणला म्हणाली. "घुमा. अंगारा द्या, मी बी लावून घेईन. पन तुमच्या तोंडातनं कुना बाईचं नाव निघालं, खूण निघाली, तर मी इथनं सरळ पाथर्डीच्या पोलीस ठाण्यात जानार. कायदा हाय तसा. साक्षीदार कोन म्हनाल, तर मी."

"हे देवाचं ठाणं हाय का कोर्ट?" नाना ओरडले.

"नाना, कोर्टात तरी समोरच्याला बोलू देत्यात. छबूकाकूला कुनी बोलू दिलं हुतं?"

"पोरी, तुझ्या बापाच्या गादीचा तरी मान ठेव!"

"ठेवते ना. म्हनून तर उभी हाय. तिच्यावर आता कुनाचा खोटा बळी जाऊ द्यायचा न्हाई."

मागून दोघा-तिघांनी "बाहेर काढा तिला" म्हणून आरडाओरडा केला. एक जण पुढंही आला. तेवढ्यात सुनीलची आई उठली आणि रेश्माच्या शेजारी जाऊन उभी राहिली. कमरेवर हात ठेवून नुसती उभी. मग संस्कृतीची आई उठली, सासऱ्यासमोर. मीही उठले. आमच्याशिवाय कुणी उठलं नाही, हेही सांगायला हवं. पण तो पुढं आलेला माणूस थांबला.

बिभीषण भगतानं सगळ्यांकडं एकदा पाहिलं. मग गादीवर बसला, थोडा घुमला, पाच गुरुवार धरा आणि नारळ वाढवा म्हणाला, आणि चहा घेऊन चालता झाला. पुन्हा तो आमच्या गावाकडं फिरकला नाही.

ही बातमी नगरपर्यंत गेली. तिथून हेमचंद्र सर आले. निवृत्त शिक्षक, पांढरा सदरा, अंधश्रद्धेविरुद्ध काम करणाऱ्या एका संघटनेत असतात. माणूस मनापासून चांगला. त्यांनी रेश्माचं कौतुक केलं, शहरात सत्कार ठेवू म्हणाले. ओटीवर बसून चहा पिताना त्यांनी तिला काय बोलायचं तेही समजावलं.

"तुम्ही तिथं स्पष्ट सांगा ताई, की हा सगळा भोंदूपणा आहे. अंगात येणं वगैरे नाटक असतं. तुमचे वडील लोकांना फसवत होते, हे तुमच्या तोंडून आलं तर फार परिणाम होईल."

रेश्मानं कप खाली ठेवला. "सर, माझा बाप भोंदू न्हवता. नाटक बी न्हाई करत हुता. तो चुकला. आन त्याच्या चुकीनं एका बाईचा जन्म गेला. हे मी कुठं बी उभी ऱ्हाऊन सांगंन. पन फसवत हुता, हे न्हाई सांगनार."

"पण मग तुम्ही अजून त्या ठाण्यावर जाता?"

"जाते की. रोज धुनीला लाकूड मीच लावते."

"हे मला जरा कळत नाही," सर प्रामाणिकपणे म्हणाले. "एकदा खोटं आहे हे कळल्यावर..."

"नाव घेनं खोटं हाय, सर. नाथ खोटा हाय आसं मी कधी म्हनले? गावातली म्हनत्यात देव सोडला, तुमी म्हनता सोडत का न्हाई. दोघांनी बी मला इचारलं न्हाई, माझा देव कसा हाय ते."

सत्काराला ती गेली नाही. हेमचंद्र सरांनी मात्र राग धरला नाही. कायद्याची माहिती असलेले कागद ते मला शाळेत देऊन गेले आणि अधूनमधून फोन करून तिची चौकशी करतात.

सगळ्यात कठीण लढाई घरात होती. त्या पहिल्या अमावस्येपासून आबांनी तिच्या हातचं खाणं सोडलं. घास पुढं केला की ओठ मिटून घ्यायचे. मग वैजनाथ भरवायचा. ती दूध-भाकरी कुस्करून द्यायची आणि दाराआड उभी राहायची. ज्या बापानं तिला एकट्यानं वाढवलं, त्याचं मिटलेलं तोंड ती रोज दोन वेळा बघत होती. तरी तिनं त्यांची माफी मागितली नाही. आदिनाथ सुप्याहून आला, म्हणाला, "ताई, म्हण की चुकले. म्हातारं मानूस हाय. शब्दानं काय जातं?"

"दादा, शब्दानंच तर समदं गेलं," ती म्हणाली. आदिनाथ तिचा थोरला भाऊ असून तिला लाडानं ताई म्हणतो. दुसऱ्या दिवशी तो सुप्याला परत गेला.

हिवाळ्यात एका दुपारी उन्हात खाट टाकली होती. आबा कुणाशी फारसं बोलत नसत. त्या दिवशी त्यांनी तिला डाव्या हातानं जवळ बोलावलं.

"तो... येतो का... अजून?"

"येतो, आबा."

"बोलतो?"

"बोलतो. पन कुनाचं नाव घेत न्हाई."

आबांनी नकारार्थी मान हलवली. मग म्हणाले, "मंग... तो न्हवं."

"तोच हाय," ती म्हणाली. "वाट तुमीच दावली, आबा. तुमी थांबलात म्हनून मी बी तिथंच थांबावं, आसं कुठं हाय?"

त्यांनी डोळे मिटून घेतले. संध्याकाळी मात्र तिनं घास पुढं केला तेव्हा तोंड उघडलं. ते तिचं पटलं म्हणून, का नुसतं थकले म्हणून, हे तिलाही ठाऊक नाही. आजही तसंच चालू आहे. ते तिच्या हातचं जेवतात आणि तिचं म्हणणं मानत नाहीत. ती दोन्ही सहन करते.

संस्कृतीचे झटके गोळ्यांनी खूप कमी झाले. ती आता नववीत आहे आणि गणितात मला त्रास देते. पुंजाराम नाना रेश्माशी बोलत नाहीत, पण नातीच्या गोळ्या संपत आल्या की सुनेला आठवण करून देतात. बऱ्याच घरांचं दूध परत आलं. काहींचं आलं नाही, येणारही नाही. संक्रांतीला रेश्मा, सुनीलची आई आणि मी तिळगूळ घेऊन छबूबाईकडं गेलो. रेश्मानं हळदी-कुंकवाचं ताट पुढं केलं. छबूबाई म्हणाली, "कुंकू नको, सवय मोडली. तिळगूळ दे." मग आम्हाला बसायला पोतं अंथरलं आणि चहा ठेवला. आम्ही तो प्यालो.

ठाण्यावर आता अमावस्येला पूर्वीसारखी गर्दी नसते. डफ वाजतो, रेश्माच्या अंगात येतं, ती अंगारा लावते, आजाऱ्याला दवाखान्याचा पत्ता सांगते, भांडणाऱ्या नवरा-बायकोला समोरासमोर बसवते. 'कुणी केलं' एवढा प्रश्न तिथं विचारायचा नाही.

गेल्या अमावस्येला श्रीगोंद्याकडून एक जोडपं गाडी घेऊन आलं होतं. माणूस घाईत होता. बसायच्या आधीच म्हणाला, "आमच्या भावकीतलीच एक बाई हाय, आमाला डाऊट हाय तिच्यावर. तुमी फकस्त खूण द्या, लई लांबनं आलोय."

"इथं खूण मिळत न्हाई," रेश्मा म्हणाली. "काय दुखतंय ते सांगा."

"मंग तुमी कसले भगत?"

"आसलेच."

तो तणतणत टेकडी उतरला आणि गाडीत जाऊन बसला. बायको मात्र धुनीपाशी बसूनच राहिली. तिनं पदरात तोंड घातलं आणि लागोपाठ गेलेल्या आपल्या दोन गर्भांविषयी बोलायला सुरुवात केली. खालून हॉर्न वाजत होता. ती बोलत राहिली. उठली नाही.